आधी तू जा खाली

दादा गेला त्या दुपारी हायवेवरून एक लॉरी आमच्या दारात येऊन थांबली. आमचं घर गॅरेजच्या पाठीमागेच, मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. गेले दोन महिने छातीच्या दुखण्याने दादा खाटेला खिळला होता, पण त्या भिंतीपलीकडचं सगळं त्याला खाटेवरून कळायचं. ब्रेकच्या आवाजावरून म्हणाला, मिठाची गाडी आहे, चासी खाल्ली असेल मिठाने. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं डोळा लागला... तर डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "घोडी लावली?" मी म्हटलं, लावली. "खाली आधी कोण गेलं?" मी म्हटलं, "गजानन." त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी पुष्कळ वर्षं पाहिलेलं होतं. त्याने कूस बदलली. मी पेज गरम करून आणली तोवर तो गेला होता. पलीकडे गजानन अजून लॉरीखालीच होता. मी पत्र्यावर हात आपटला तेव्हा तो सरपटत बाहेर आला.

आता महिना उलटून गेला आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण दारात चपला काढतानाच सांगतो, मिस्त्री म्हणजे देवमाणूस. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या गृहस्थांनीही तेच म्हटलं, त्यांच्या चांगुलपणाबद्दल चार शब्द लिहा. चांगुलपणा होता, नाही कशाला म्हणू? अडलेल्या गाडीवाल्याला त्याने कधी ताटकळत ठेवलं नाही. पण दत्ताराम मिस्त्री देवमाणूस नव्हता. तो मनात डूख धरणारा माणूस होता, आणि मी त्याची सख्खी बहीण आहे. त्यामुळे मी जे लिहीन ते वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटो.

घोडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळं त्या घोडीपाशीच आहे. गाडी जॅकने उचलली की ती नुसत्या जॅकवर ठेवून कुणी खाली शिरत नाही. खाली एक लोखंडी, चार पायांचा, कमरेपेक्षा बुटका आधार लावतात आणि मग जॅक सैल करून गाडीचं ओझं त्याच्यावर टेकवतात. त्याला घोडी म्हणतात. घोडी वेल्डिंगने जोडून करायची असते, आणि जोड जसा असेल तसं खालच्या माणसाचं नशीब.

साठ सालाच्या आसपास दादा मुंबईत एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. आई-वडील गावी, माणगावकडे. आम्ही दोघं भावंडं एका खोलीत राहायचो. त्याच वर्कशॉपात घोडबंदरकडच्या चेणे गावचा रघुनाथ होता, दादाच्या हाताखाली शिकून तयार झालेला. आमच्या खोलीवर जेवायला यायचा आणि आमटी आवडली की वाटी बोटाने पुसून काढायचा. माझं त्याच्याशी लग्न ठरलं. दादानेच ठरवलं, आणि मी काही नाही म्हणत नव्हते. आणि तिथेच गजानन वेल्डर होता, जुन्या भाईंदरचा, कोळीवाड्यातला. हाताने हुशार आणि तोंडाने गोड. एक दिवस रघुनाथ लॉरीखाली असताना घोडीचा पाय जोडापासून निखळला आणि लॉरी त्याच्या पायावर आली. दादाने त्याला ओढून काढलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दादाने तो तुटलेला जोड हातात घेऊन पाहिला होता. आत नीट भरलेलंच नव्हतं. भेगेत खिळे आणि पत्र्याचे तुकडे कोंबून वरून फक्त एक पातळ साय ओढली होती, दिसायला गुळगुळीत. साहेबाने चौकशी केली तेव्हा गजानन सरळ म्हणाला, घोडी अर्धवट होती, मी मिस्त्रीला बजावलं होतं लावू नको म्हणून, त्याने ऐकलं नाही. दादा तुटका तुकडा आणायला धावला तर तो भंगारात गेलेला, आणि भंगाराची गाडीही गेलेली. संपलं. दादाला काढलं. रघुनाथने शुद्धीवर आल्यावर जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवला. दादा भेटायला गेला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझं लग्न मोडल्याचा निरोप घेऊन त्याचा काका आला, आणि जाताना उंबऱ्यातून म्हणाला की मुलाचा पाय खाल्लात, आता मुलगी कशाला गळ्यात मारता. त्या शब्दांना आता वीसेक वर्षं होत आली. मला ते अजून त्याच आवाजात ऐकू येतात.

मुंबईत दादाला कुणी उभं करेना. दुसरा कुणी असता तर गावी गेला असता. दादाने काय करावं? काशीगावला, हायवेच्या कडेला, चेण्याहून येणाऱ्या वाटेवरच जागा घेऊन बांबू आणि पत्र्याचं गॅरेज घातलं. मी विचारलं, एवढी मुंबई सोडून त्यांच्याच शेजारी कशाला? म्हणाला, "पळून गेलो तर पाप माझंच ठरेल. त्यांना रोज माझं तोंड दिसलं पाहिजे." रघुनाथच्या घरचे काशीमिऱ्याला बाजाराला यायचे ते आमच्याच दारावरून. मान वळवून जायचे. दादा मुद्दाम बाहेर येऊन उभा राहायचा.

गॅरेज चालेल असं लक्षण होतं, पण वेल्डर नव्हता. आणि इथे वेल्डरशिवाय गॅरेज म्हणजे निम्मं दुकान. भाईंदरच्या मिठागरांवरून मीठ वाहणाऱ्या लॉऱ्या, त्यांच्या चासीला आणि पाट्यांना मीठ लागून लागून लोखंडाचा भुगा व्हायचा. इंजिनाचं काम दादाने केलं तरी जोडकामासाठी गाडी दहिसरला न्यावी लागायची, आणि एकदा दहिसरला गेलेली गाडी परत कशाला येतेय? म्हणून दादाने गॅसची टाकी, कार्बाईडचा ड्रम सगळं जमवलं आणि चार ठिकाणी सांगून ठेवलं की वेल्डर पाहिजे. निवडायची त्याची रीत त्याने आधीच मनाशी ठरवली होती, मला ती त्या दिवशीच कळली. प्रत्येकाने लोखंड घ्यायचं, एक घोडी जोडायची, तिच्यावर लॉरी टेकवायची आणि मग स्वतः त्या लॉरीखाली जाऊन पडायचं.

पहिला आला तो दहिसरचा. त्याचा जोड बघण्यासारखा होता, माशाच्या खवल्यांसारखी ओळच्या ओळ. दादाने कौतुक केलं आणि म्हणाला, आता खाली जा. तो हसला, मग दादा हसत नाही हे बघून म्हणाला, "मैं वेल्डर हूँ, मेकॅनिक थोडी हूँ," आणि हात पुसून निघाला. दुसऱ्याने घोडी बरी केली, पण खाली जायच्या आधी इकडेतिकडे बघून घोडीच्या पायांभोवती जाड तार गुंडाळायला लागला. दादाने विचारलं हे कशाला, तर म्हणाला सेफ्टीसाठी. स्वतःच्याच कामाला दोरी बांधणारा माणूस! दादाने त्याला चहा न देता वाटेला लावलं. आमच्याकडे तशी खूणच होती. दादा "चहा टाक गं" म्हणाला की समजायचं, माणूस ठेवला.

तिसरा गजानन. त्याला माहीत नव्हतं हे कुणाचं गॅरेज आहे. वर्कशॉप बंद पडलं होतं आणि तो काम शोधत फिरत होता. आत आला, दादाला पाहिलं आणि जागीच उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या हातात पोळपाट होता आणि तो त्याच्या डोक्यात घालावा असं मला खरोखर वाटलं. दादाने काय केलं... ओळखच दाखवली नाही. नाव विचारलं, गाव विचारलं, लोखंड पुढे ढकललं. गजानन खाली मान घालून कामाला बसला. बाकीच्या दोघांपेक्षा त्याला फार वेळ लागला. आधी गंज घासून काढला, कडा तासल्या, प्रत्येक जोड उलटून सुलटून चारी अंगांनी भरला. लॉरी टेकवली. दादा खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आधी तू जा खाली."

तो गेला. दादाने बिडी पेटवली आणि ती पूर्ण ओढून होईपर्यंत त्याला बाहेर बोलावलं नाही. मी लपवत नाही, मी दारात उभी राहून देवाला म्हणत होते, तुटू दे. त्याचाही पाय जाऊ दे. घोडी जागची हलली नाही. बिडी विझवून दादा वाकला, जोडावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा टाक गं."

मी चुलीपाशी त्याच्याशी किती भांडले. हलक्या आवाजात, दात-ओठ खात. म्हटलं, हाकलून द्यायचा सोडून घरात घेतोस? दादा शांत होता. म्हणाला, जोड बघितलास? इतकं चांगलं येतं त्याला. म्हणजे त्या दिवशी येत नव्हतं म्हणून नाही, जाणूनबुजून खिळे कोंबले. मग म्हणाला, "हाकलला तर तो जाईल आणि विसरेल. इथं ठेवला तर रोज आठवेल." आणि मला शपथ घातली की मी त्या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. म्हणाला, त्याला स्वतःहून सांगू दे. मागून घेतलेलं मला नको.

मी शपथ पाळली. पण त्या दिवशीच्या चहात मी साखर घातली नाही. त्याने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या दिवशीही घातली नाही. तीच रीत पडली. सगळ्यांचा चहा एका भांड्यात, गजाननचा वेगळ्या. नवे कामगार समजायचे त्याला डायबिटीस आहे. मी कधी त्याला भाऊ म्हटलं नाही की नावाने हाक मारली नाही. "अहो, पत्रा सरकवा," एवढंच.

आणि दादाचं चालूच होतं. गाडी कोणतीही असो, घोडी लागली की दादा खुर्चीवरून म्हणणार, आधी तू जा खाली. गजानन जाणार, पडून राहणार, दादाने मान हलवली की मग बाकीचे शिरणार. वर्षामागून वर्षं. दसऱ्याला दादा सगळ्या हत्यारांना फूल वाहायचा, पान्यांना, जॅकला, हातोड्याला, पण घोडीला आणि जोडकामाच्या गॅसच्या बत्तीला नाही. ती फुलं गजानन स्वतः आणून वाहायचा, सगळे गेल्यावर.

पण देवाला आमची चेष्टा करायची हौस आली होती. हा सूड आम्ही उगवत होतो आणि नाव त्याचं होत होतं! गुजरातकडून येणारे ड्रायव्हर बघायचे, वेल्डर स्वतः जोडलेल्या घोडीखाली सगळ्यात आधी स्वतः पडतो. हां हां म्हणता हायवेवर बोलबाला झाला. एक दाढीवाला ड्रायव्हर आमच्या अंगणात उभा राहून दुसऱ्याला सांगत होता, "काशीमीरा में कराओ। वो आदमी अपने काम के नीचे खुद सोता है।" गाड्या रांगेत उभ्या राहायला लागल्या. दादाची चिडचिड व्हायची. गल्ल्याशी बसून म्हणायचा, साल्याला शिक्षा करायला बसवला आणि हा आरतीचं ताट घेऊन बसलाय. एकदा दहिसरच्या मोठ्या गॅरेजवाल्याने गजाननला बोलावलं, इथल्यापेक्षा चांगल्या पगारावर. आम्हाला वाटलं, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हा हजर. दादाने विचारलं का नाही गेलास, तर त्याने घोडी उचलली आणि लावली. दादा त्या दिवशी जेवला नाही. मला म्हणाला, एवढी वर्षं झाली, एक वाक्य बोलायचंय त्याला. एक वाक्य. जीभ उचलत नाही मेल्याची.

ते वाक्य न ऐकताच दादा गेला. चेण्याहून कुणी आलं नाही. रघुनाथने त्याच्या वाडीतल्या पिठाच्या गिरणीवर बसून ऐकलं असेल, गेला एकदाचा मला पांगळा करणारा. हा विचार मला दहा दिवस जेवू देत नव्हता. तेरावं झालं आणि गॅरेज उघडलं. एक लॉरी आली. गजाननने जॅक लावला, घोडी सरकवली, ओझं टेकवलं आणि नेहमीसारखा दादाच्या खुर्चीकडे वळला. दोन महिने खुर्ची रिकामीच होती, पण पत्र्याआडून दादाचं खोकणं ऐकलं की तो खाली शिरायचा; आता पत्र्याआडही कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, चल ना गजाभाऊ, टाइम कशाला लावतोय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमी बोला. कोन बोलल्याबिगर मना खाली जाववत न्हाय."

दादाने घातलेली शपथ दादाबरोबर गेली, असं मी त्या क्षणी ठरवलं. मी म्हटलं, "ते मी इथे म्हणणार नाही. चला." कुठे ते त्याने विचारलं नाही. मी पुढे, तो मागे, असे आम्ही घोडबंदर रस्त्याने चालत चेण्याला गेलो. ऊन होतं. वाटेत त्याने एकदा पाणी मागितलं. मी म्हटलं, तिथे मिळेल. गिरणी बंद होती आणि रघुनाथ घरात होता, कुबडी दाराशी टेकवलेली. त्या दारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सून म्हणून ठेवायचं होतं. गजानन उंबऱ्याशी घुटमळला. मी बाजूला झाले आणि त्याला म्हटलं, "आधी तू जा आत."

एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा तू म्हटलं. तो आत गेला. मी बाहेर, भिंतीला पाठ लावून. मग गजाननचा आवाज आला, काम करताना असायचा तसाच, सपाट. "रघू, ते खिळे मीच कोंबलं व्हतं. जोडाची तार संपली व्हती, सायबाला सांगाया घाबरलो. मिस्त्रीला म्या कायपन सांगितलेलं न्हाय. तो खोटा न्हवता, मी खोटा." मग कुबडी फरशीवर पडल्याचा आवाज, आणि मग रघुनाथचा. एवढंच म्हणाला, "दत्तूने मला सांगितलं होतं रे. मी तोंड फिरवलं." थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "शालिनी... बाहेर आहेस का?" आवाज म्हातारा झाला होता. मला तो आवाज ओळखू आला, आणि आला म्हणूनच मी थांबले नाही. दादाने त्या घरासमोर मान ताठ ठेवून आयुष्य काढलं, त्यांच्यापैकी कुणी एकदा त्याच्याकडे बघितलं नाही. एका हाकेवर मी का वळावं? मी रस्त्याला लागले. गजानन माझ्या मागे धावत आला. पाणी त्याने तिथेही मागितलं नसावं.

परत येताना तो हलका झाल्यासारखा चालत होता. मी ते बघितलं आणि मला राग आला. काशीगावची चिंच आली तेव्हा मागून म्हणाला, "ताई, आता झालं ना?" मी चालत राहिले.

लॉरी आम्ही सोडून गेलो तशीच घोडीवर उभी होती. कामगार विड्या ओढत बसले होते. मी चूल पेटवली, दोन भांडी ठेवली, सगळ्यांचा चहा ओतला. मग गजाननचा पेला समोर घेतला आणि साखरेचा डबा उघडला. चमचा भरून हातात धरला... दादाला एक वाक्य ऐकायचं होतं. ते वाक्य या माणसाने बोलायला दादा मरावा लागला. मी चमचा डब्यात परत पालथा केला आणि झाकण लावलं.

पेला नेऊन दादाच्या खुर्चीशेजारी ठेवला आणि खुर्चीवर मी बसले. खुर्ची माझ्या मापाची नाही, पाय नीट टेकत नाहीत. गजानन घोडीपाशी माझ्याकडे तोंड करून उभा होता.

"आधी चहा घे," मी म्हटलं. त्याने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला मुकाट्याने प्यायला. मग मी म्हटलं, "आता तू जा खाली."